साहेबांच्या मुलाची गिरणी

"तुमचे मिस्टर काय करतात?" असं मला लग्न झाल्यापासून कोणी विचारलेलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला विचारतात, मैत्रिणींना विचारतात. मला विचारतात, "साहेब कसे आहेत?"

साहेब म्हणजे माझे सासरे. तालुक्यात साहेब पुष्कळ. तहसीलदारही साहेब आणि फौजदारही साहेब. पण नुसतं "साहेब आले" म्हटल्यावर लोक खुर्चीवरून उठतात, ते आमचे. घरातही त्यांना सगळे साहेबच म्हणतात. सासूबाई म्हणतात, स्वयंपाकाच्या मावशी म्हणतात, आणि माझा नवरा, त्यांचा पोटचा मुलगा, तोसुद्धा लहानपणापासून साहेबच म्हणत आला. नवीन असताना मला ते ऐकून कसंतरीच व्हायचं. आमच्या माहेरी बापाला आप्पा म्हणतात, आणि आप्पा वेळेवर जेवायला आले नाहीत तर आम्ही पोरीसुद्धा त्यांच्यावर ओरडायचो.

तर कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. आमच्या ह्यांची भातगिरणी होती. हसा खुशाल. सगळे हसतातच. साहेबांच्या मुलानं काय गिरणी घालायची? त्यानं शिक्षणसंस्था काढायची, बिल्डर व्हायचं, गेलाबाजार एखादा पेट्रोल पंप तरी. लोक हसले की मला आधी राग येतो आणि मग रडू येतं. हे लिहितानाही तेच होतंय.

मी मुळशीची, धरणाच्या काठच्या गावातली. आमचं भाताचं रान. धरणाच्या वरच्या अंगाला हॉटेलं, रिसॉर्टं झाली तेव्हा आसपासच्यांनी जमिनी विकल्या. आप्पांनी विकली नाही, दोन खोल्या मात्र रिसॉर्टवर कामाला येणाऱ्या मुलांना भाड्यानं दिल्या. आप्पा साहेबांचा माणूस. म्हणजे निवडणूक आली की स्वतःचं काम टाकून साहेबांच्या मागे फिरणारा, आणि निवडणूक झाली की कधी काही मागायला न जाणारा. साहेबांनी सोयरीक विचारली तेव्हा आप्पांनी हातच जोडले. घरी येऊन ते देवापुढे बसले. आईनं विचारलं, "पोरीला इचारलंत का?" तर म्हणाले, "आता काय इचारायचं, सायब म्हणत्यात."

मला विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, कारण मुलगा मला आवडला होता. बघायला आले तेव्हा चहाची बशी माझ्या हातून कलंडली, तर ह्यांनी स्वतःच्या रुमालानं सतरंजी पुसली. साहेबांच्या घरातला माणूस खाली वाकून पुसतो हे बघून माझी मावशी घाबरली होती. मला हसू आलं.

लग्न झालं तेव्हा ह्यांच्या नावावर डंपर होते. साहेबांनीच घेऊन दिलेले. डंपरना काम कमी पडायचं नाही. ह्यांनी कधी कोणाकडे काम मागितलं नाही, काम आपोआप यायचं. नंतर ते सोडून धरणाच्या काठी रिसॉर्ट चालवायला घेतलं. तिथं तर काय, शनिवार-रविवार झुंबड. अधिकारी यायचे, कार्यकर्ते यायचे, त्यांचे मेहुणे-साडू यायचे. चिकन-भाकरी हाणायची, पाण्याकडे तोंड करून फोटो काढायचे आणि जाताना सांगायचे, "साहेबांना नमस्कार सांगा." जेवण चांगलं झालं का, खोली नीट होती का, एक शब्द नाही.

एकदा हे तिथून आले आणि ओट्यावर बसून राहिले. मी म्हटलं, "काय झालं? दमलात?"

"दमायला काम कुठं असतं मला," ते म्हणाले. "आज एवढी माणसं आली, त्यातला एकही माझ्याकडे आला नव्हता गं."

मला वाटलं होतं, मोठ्या घरच्या मुलांना असलं काही टोचत नसावं. पण ह्यांना टोचायचं. ते म्हणाले, "मला एकच धंदा असा करायचाय, की माणूस माझ्याकडे येईल. वाईट झालं तर मला शिव्या घालेल, चांगलं झालं तर परत येईल. चालला तरी माझा, बुडाला तरी माझा."

एवढंच हवं होतं त्यांना. मी पुन्हा सांगते, एवढंच. पैसा ह्या माणसाला कधीच नको होता.

गिरणीचं वेड त्यांना लागलं ते माझ्या माहेरी. भाताची झोडणी झाली की आप्पा बैलगाडीच्या काळापासून ज्या गिरणीवर भात न्यायचे तिथं हेही मागं मागं जायला लागले. गिरणीवाला म्हातारा होता, अंगभर कोंडा, भुवयासुद्धा पांढऱ्या. आमच्याकडची पद्धत अशी की ज्याचं भात त्यानं गिरणीच्या तोंडाशी उभं राहायचं. तांदूळ पडायला लागला की मूठभर तळहातावर घ्यायचा, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि बघायचं, अख्खा दाणा किती, कणी किती. दोन दाणे दाताखाली धरायचे. आणि मग भांडायचं. "आरं, कण्या किती पाडतुयास? रोलर ढिला कर की!" गिरणीवाला म्हणायचा, "तुझंच भात वलं हाय, उन्हं दाखीवली न्हाईस." मग ह्याच्या आईचा आणि त्याच्या बापाचा उद्धार. भांडत भांडत रोलर ढिला व्हायचा, भांडत भांडत पोतं भरायचं आणि त्याच माणसाबरोबर चहा पिऊन माणूस घरी जायचा. आंबेमोहर दाणा फार नाजूक, भांडल्याशिवाय अख्खा हातात पडतच नाही.

हे तिथं तासन्‌तास बसायचे. एकदा मला म्हणाले, "काय मस्त धंदा आहे! गिऱ्हाईक तोंडावर बोलतं." मला तेव्हा गंमत वाटली होती.

तो म्हातारा वारला आणि त्याच्या मुलांनी गिरणी बंद केली. आसपासच्या गावांना भात घेऊन उरवड्याच्या बाजूच्या दुसऱ्या गिरणीवर जावं लागायला लागलं, लांब. तेव्हा ह्यांनी ठरवलं. रिसॉर्ट सोडलं, स्वतः बँकेत फेऱ्या घातल्या, मुख्य रस्त्याला लागून शेड बांधली. यंत्र नवं आणलं, ऑपरेटर बाहेरचा आणला. साहेबांना त्यांनी हात जोडून सांगितलं की ह्यात तुम्ही पडू नका. साहेब हसले, म्हणाले, "बरं बाबा, नाही पडत."

उद्‌घाटनाला ह्यांनी फक्त गावची माणसं बोलावली होती. नारळ आप्पांनी फोडायचा असं ठरलं होतं. आप्पांनी नवा सदरा घातला होता, नारळ हातात, दगड समोर. आणि रस्त्यावर गाड्यांचा ताफा थांबला. साहेब उतरले. बरोबर फ्लेक्स घेऊन कार्यकर्ते, हार, फोटोवाला. साहेबांचं तरी काय चुकलं म्हणू? बापच तो, लेकाच्या उद्‌घाटनाला कसा राहील घरी? पण आप्पांनी साहेबांना बघितलं मात्र, चटकन मागे सरले आणि नारळ त्यांच्या पुढे केला. ह्यांचं तोंड मी बघत होते. दुपारपर्यंत शेडच्या दारावर साहेबांचा फोटो लागला होता, ह्यांच्या फोटोच्या चौपट मोठा.

पहिला हंगाम जोरात गेला. सगळ्या गावांतून पोती आली. हे सकाळी जायचे ते अंधार पडता पडता यायचे, डोक्यापासून पायापर्यंत कोंडा. कपडे झटकताना शिंकत शिंकत हसायचे. लग्नानंतर इतके खूश मी त्यांना तेव्हाच बघितलं. जेवताना सांगायचे, "एकाचीसुद्धा तक्रार नाही! सगळे म्हणतात, लई झ्याक तांदूळ."

मी तेव्हाच दचकायला हवं होतं म्हणता? कशी दचकणार? साहेबांच्या घरच्या बायका गिरणीवर जात नाहीत. आणि आमच्या घरात तांदूळ कधी भरडून आणलेलाच नव्हता. साहेबांकडे दर हंगामाला लोक निवडलेल्या तांदळाची पोती आणून टाकतात, तोच आम्ही खातो. स्वतःच्या गिरणीचा तांदूळ ह्यांच्या ताटात कधी पडलाच नाही. कणी तांदळाबरोबर त्याच पोत्यात पडायची. ह्यांना वाटायचं एवढी पडतच असेल. ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणायचा, "सब बराबर है सेठ." त्याला आंबेमोहर आणि कोलम सारखेच.

आणि कोणी मूठ बघितली नाही. हे मला नंतर कळलं. साहेबांच्या मुलासमोर गिरणीच्या तोंडाशी हात धरून, फुंकर मारून कोण बघणार? म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असंच झालं की. लोक हात जोडून बाजूला उभे राहायचे. पोतं शिवलं की खांद्यावर टाकायचे. "येतो साहेब" म्हणायचे. होय, ह्यांनाही साहेबच म्हणायचे.

दुसऱ्या हंगामात पोती कमी झाली. हे म्हणाले, पाऊस लांबला, पीक कमी असेल. तिसऱ्या हंगामात तर भर सुगीत यंत्र दुपारपर्यंत गप्प. माणूस यायचा, एकच पोतं आणायचा, तोंड भरून कौतुक करायचा आणि जायचा. ह्यांना कळेना. मला म्हणाले, "भांडण नाही, तंटा नाही, कोणी वाईट बोलत नाही. मग येत का नाहीत?" मी म्हटलं, लोक जमिनी विकतायत, भात कोण लावतंय आता. खरंच मला तसं वाटलं.

दिवाळीनंतर मी माहेरी गेले. आईनं भात वाढला. अख्खा दाणा, फुलासारखा मोकळा, वास घरभर. मी दोन घास खाल्ले आणि हात थांबला. ह्यांच्या गिरणीचा तांदूळ मी तोवर एकदाच बघितला होता, शेजारच्या काकूंच्या परातीत, निम्मी कणी. काकूंच्या भातालाच काहीतरी झालं असेल असं तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं.

"आप्पा, हे कुठं भरडलं?"

आप्पा पाणी प्यायला लागले. आई म्हणाली, "जेव आधी."

"कुठं भरडलं आप्पा?"

"आगं पयलं पोतं पाव्हण्यांकडंच नेलतं की. मान त्येंचाच हाय."

"आणि बाकीची?"

तेव्हा कळलं. बाकीची सगळी उरवड्याच्या बाजूच्या गिरणीवर. नुसते आप्पा नाहीत, सगळं गाव. मुख्य रस्त्यानं नेली तर ह्यांच्या गिरणीवरून जावं लागतं, साहेबांच्या मुलाला दिसेल, त्याला वाईट वाटेल. म्हणून पिकअप शेताडीच्या कच्च्या वाटेनं घालायचे, चिखलात रुतले तर पाच-सहा जण मिळून ढकलायचे. एवढा खटाटोप! आणि आधी मानाचं म्हणून एक पोतं आमच्याकडे आणून त्याच्या कण्या करून न्यायच्या. त्या कण्या मग कोंबड्यांना.

मला काय झालं माहीत नाही. ताट सरकवून मी उठले आणि बापावर ओरडले. आमच्या घरात ओरडतातच, पण अशी मी कधी ओरडले नव्हते.

"तुम्ही तरी सांगायचं! जगानं नाही सांगितलं, तुम्ही त्यांचे सासरे ना?"

"म्हनूनच न्हाई सांगितलं," आप्पा म्हणाले. "जावयाला कुटं आसं सांगत्यात व्हय? आन त्यात सायबांचं पोरगं. सोयरा आसून नावं ठेवतुया म्हनतील."

"त्या म्हाताऱ्या गिरणीवाल्याच्या आयबापाचा उद्धार करायचात की!"

"त्यो आपला मानूस हुता, बाये."

हे वाक्य मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं, त्याच संध्याकाळी घरी परतल्यावर. पडवीत बसले होते ते. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. म्हणाले, "म्हणजे कणी पडते. तीन वर्षं कणी पडतेय, आणि मला सोडून सगळ्यांना माहितेय."

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर जायला लागले. मी बरोबर जायचे. "खरं सांगा, तांदूळ कसा पडतो आमच्याकडे?" माणसं घाबरून उभी राहायची. बायका पदर सावरून चहा टाकायच्या. "लई झ्याक साहेब. काय नाव ठेवायला जागा न्हाई." हे म्हणायचे, "अहो, मला माहितेय कणी पडते, मी रागावणार नाही." तर समोरचा आणखीच घाबरायचा. "कोन म्हणलं? खोटं सांगतंय कुणीतरी!" एक म्हातारी तर ह्यांच्या पायाला हात लावून म्हणाली, माझा लेक तिकडं गेला नव्हता हो साहेब, त्याला काही करू नका. ह्यांनी तिला उचललं. घराबाहेर आल्यावर त्यांचे डोळे भरले होते, आणि माझं डोकं भणभणत होतं. ओरडावं कोणावर तेच कळत नव्हतं.

मग त्यांनी ऑपरेटर बदलला, रोलर बदलले, घरची रीत मोडून मला घेऊन स्वतः मशीनशी बसले. माझ्या माहेरचं भात आणून मूठ मूठ काढून बघितलं. मीच फुंकर मारायचे, मीच सांगायचे. "अजून ढिला करा. अजून." शेवटी दाणा अख्खा पडायला लागला. तळहातावर तो तांदूळ घेऊन ते मला दाखवत राहिले. मी म्हटलं, आता गाव येईल बघा. मला खरंच वाटलं होतं.

पण गावाला कळवणार कसं? पूर्वी खराब होता हे कबूलच करायला कोणी तयार नाही, मग आता चांगला झाला हे कोणाला सांगणार?

आणि पुढच्या आठवड्यात गिरणीसमोर रांग लागली. पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर. मुख्य रस्त्यावर गाड्या अडल्या. ह्यांनी मला फोन केला. "अगं, आले! सगळे आले!" मी गाडी काढून गेले. हे दोन्ही हातांनी पोती ओढत होते, सगळ्यांना म्हणत होते, "मूठ बघा, बघून घ्या, आता बघा." लोक माना डोलवत होते. कोणी मूठ बघत नव्हतं.

मी रांगेकडे बघितलं. एकाही माणसाच्या तोंडावर हसू नव्हतं. साहेबांचा एक कार्यकर्ता मोटारसायकलवर बसून कोण आलं, कोण नाही ते बघत होता. मी त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका, साहेबांनी सगळ्या सरपंचांना फोन लावलेत."

मी ह्यांना सांगायचं की नाही ह्याचा विचार करतच होते, पण तेवढा वेळ मिळालाच नाही. एका माणसाला ह्यांनी मोठ्या आशेनं विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं, तांदूळ आता चांगला पडतो म्हणून?" तो बिचारा साधा माणूस. म्हणाला, "तांदळाचं मला काय म्हाईत न्हाई सायब. सरपंच म्हणलं, थोरल्या सायबांचा फोन हाय, हितंच न्या."

ह्यांनी यंत्र बंद केलं नाही. आलेल्या सगळ्यांचं भात भरडून दिलं, शेवटच्या पोत्यापर्यंत, आणि चांगलं भरडून दिलं. मग शटर ओढलं.

सकाळी साहेबांच्या पडवीत नेहमीसारखी कामं घेऊन आलेली माणसं बसली होती. हे त्यांच्यामधूनच आत गेले. मी दाराशी होते.

"तुम्ही फोन का केलात?"

साहेबांनी चष्मा काढला. "लोक तुला टाळतायत असं कानावर आलं. माझ्या पोराची गिरणी रिकामी आणि मी बघत बसू?"

"बघत बसायचं होतं," हे म्हणाले. "ह्या एकाच वेळी नुसतं बघत बसायचं होतं."

साहेबांना ते कळलं नाही. खरंच कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. एवढा मोठा माणूस, राज्यभर ओळख, आणि आपण लेकासाठी काय चूक केली ते त्यांना उमगत नव्हतं. ते म्हणाले, "तुला दुसरं काही काढून देऊ का?" हे वळून बाहेर आले. पडवीतली माणसं उठून उभी राहिली.

गिरणी विकायचं ठरलं. गावातलं कोणी घेईना. साहेबांच्या वस्तूला भाव कसा करायचा म्हणून. मग ह्यांनी मोबाइलवर जाहिरात टाकली, नाव न घालता, नुसतं "भातगिरणी, चालू स्थितीत". साताऱ्याकडचा एक जुन्या यंत्रांचा व्यापारी आला. ठेंगणा, तोंडात सुपारी, शर्टाची वरची बटणं उघडी. साहेबांचा फोटो ह्यांनी त्याआधीच दारावरून उतरवून ठेवला होता.

त्या दिवशी मी आणि आप्पा दोघेही तिथं होतो. आप्पा शेडच्या मागे चहा सांगायला गेले होते.

व्यापाऱ्यानं यंत्राभोवती एक फेरी मारली, हात आत घातला आणि मोठ्यानं हसला. "दादा, ही गिरणी चालवत होता का खेळत होता? ही बसवली कुणी? पाया वाकडा! असल्यात कण्याच पडणार, तांदूळ कुठला?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता. खरं सांगते, उजळला होता.

"पाया वाकडा नाही," हे म्हणाले. "रोलर चुकीचे लावले होते. आता नवे लावलेत, बघा."

"काय बघू? भंगाराचा भाव देतो, घ्यायचा तर घ्या."

"भंगार? चालवून दाखवतो. मूठ बघा आणि मग बोला."

"दाखवा की! भितो का काय मी?"

ह्यांनी यंत्र चालू केलं. व्यापारी तोंडाशी उभा राहिला, मूठ धरली, फुंकर मारली, दोन दाणे चावले, थुंकला. "बरा आहे. बरा म्हणजे बराच, उगाच डोक्यावर चढू नका. पण धंदा तुम्हाला जमला नाही दादा. गिऱ्हाईक राखता आलं नाही. तोंड चालवायला लागतं ह्या धंद्यात, तुम्ही गप बसणारे."

"अहो, मी गप बसणारा?" हे ओरडले, आणि हसतच होते. "तुम्ही भाव तर सांगा सरळ, मग बघा मी गप बसतो का!"

दोघं मशीनच्या आवाजावर आवाज चढवून भांडत होते. आजूबाजूची दोन-चार माणसं रस्त्यावर थांबली. हे हात नाचवत होते, घाम पुसत होते, "चल हट" म्हणत होते. मी त्या जुन्या म्हाताऱ्याच्या गिरणीत भांडणारी माणसं बघत लहानाची मोठी झाले, ती माणसं अशीच दिसायची. मला वाटत होतं हा सौदा आज संपूच नये.

आप्पा चहाचे ग्लास घेऊन आले. त्यांनी ऐकलं. ग्लास खाली ठेवून ते मधे आले. "ए भाड्या, तोंड सांभाळ! कुणाशी बोलतुयास ठावं हाय का? सायबांचं पोरगं हाय ते!" आणि त्यांनी साहेबांचं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट.

व्यापाऱ्यानं ह्यांच्याकडे बघितलं. तोंडातली सुपारी थुंकायची का गिळायची ते त्याला कळेना. त्यानं शर्टाची बटणं लावली.

"माफ करा साहेब. माहीत नव्हतं. तुम्ही म्हणाल तो भाव."

"अहो, नाही," हे म्हणाले. "मघाशी बोलत होतात तसंच बोला की. भंगार म्हणालात ना? म्हणा."

"चूक झाली साहेब. मशीन एक नंबर आहे."

"पाया वाकडा म्हणालात!"

"कुठला हो, सरळच आहे. माझीच नजर चुकली."

"अहो, भांडा की माझ्याशी!" हे मोठ्यानं ओरडले. यंत्र अजून चालूच होतं आणि तांदूळ खाली पडत होता. व्यापारी हात जोडून एक पाऊल मागे सरकला. रस्त्यावर थांबलेली माणसंही सरकली.

आप्पांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "पाव्हणं का चिडलं गं? मी त्येंच्याच बाजूनं बोललो की."